खसखस

पर्वूला पुरून चाळीस दिवस झाले
आणि जिऊ नदीकाठच्या या गावात
दोब्रेची गाय आटली, पाद्रीबुवांचं पोर तापलं.
मग निघाले पुरुष, कुदळी घेऊन.
परतले ते पांढरेफटक.
"ओठांवर ताजं रक्त होतं, साफ्ता,
तुझ्या गळ्याशपथ."

माझ्या गळ्याशपथ!
अकरा वर्षं हा गळा मी
भर उन्हाळ्यात रुमालाने झाकून विहिरीवर नेला.
तेव्हा कुणाला कुदळ सापडली नाही.
तेव्हा तो दिवसाढवळ्या हिंडायचा,
आरशात नीट दिसायचा,
चर्चमध्ये पहिली मेणबत्ती त्याचीच.

काळीज जाळलं म्हणे. राख पाण्यात कालवून
बायकोने प्यायची असते, रिवाज आहे.
मी चूळ भरली आणि परसात थुंकले.
पुरे झालं त्याला पोटात ठेवणं.

तरी रात्री दार वाजतं,
हलकेच,
मारून झाल्यावर वाजवायचा तसं.
"थंडी आहे गं. पुन्हा नाही करणार."
ओठांवर 'ये' येतं. जुनी खोड.
ते गिळते
आणि उंबऱ्यावर ओतते मूठभर खसखस.
मोज.
मी मोजलेत तुझे पेले,
जिन्यावरची पावलं,
कडी पडल्यापासून पहिल्या फटक्यापर्यंतचे श्वास.
आता तू मोज, दाणा न् दाणा,
कोंबडा आरवेपर्यंत.

सकाळी उरलेली खसखस झाडून घेतली.
गळा उघडा टाकून विहिरीवर गेले.
दोब्रेची बायको बघतच राहिली.
तिच्या रुमालाची गाठ
जरा जास्तच घट्ट होती.
काही विचारलं नाही मी.
तिच्या एप्रनच्या खिशात
एक पुडी सरकवली.