एकच गल्ला

गॉलवेच्या हॉटेलातली ती खोली एरवी लग्नांची.
छताला अजून एक रुपेरी फुगा चिकटलेला
आणि त्याखाली लांब टेबलाच्या दोन कडांना
विमानतळवाले, विमानवाले,
दोन्हीकडचे वऱ्हाडीच जणू,
नवरी कोण ते कुणालाच ठाऊक नाही.

मधे मी. पाण्याचा जग. चारशे बारा पानं.
धावपट्टीचं डांबर किती हिवाळे टिकतं,
गुंतवलेल्या पैशाला किती परतावा रास्त,
विमान उतरलं की किती,
माणूस उतरला की किती.

विमानतळाचे वकील मिस्टर लॉफ्टस हळू बोलतात,
त्यामुळे सगळे पुढे वाकतात.
म्हणाले, अत्तराचं दुकान आमचं, व्हिस्कीचं आमचं,
गाड्या लावायची जागा आमची.
त्या गल्ल्यात कृपया हात घालू नये.
धावपट्टीचा गल्ला निराळा,
तिथे खड्डा आहे,
तिथली पट्टी वाढवून मिळावी.

मग फिआख्रा उठला. तीन विमानांचा मालक,
नऊ-नऊ आसनांची विमानं,
शिवणयंत्रासारखी खडखडत बेटांकडे जाणारी.
बाहीवर ग्रीसचा डाग, कागद हातात, पण वाचला नाही.
अत्तर घ्यायला कोणी विमानतळावर येतं का हो?
माणसं आम्ही आणतो.
पंगत आम्ही बसवायची, जेवायचं तुम्ही,
आणि वर वाढप्याकडेच पत्रावळीचे पैसे मागायचे?

मी नोंद केली: मुद्दा सात, गल्ला एक की दोन.
रागाला आमच्या तक्त्यात रकाना नाही.

माझे वडील बेटावर धक्क्याचे कारकून होते.
टोपलीमागे ठरावीक नाणं, तेही पुडक्यात मोजून.
रिकामी होडी आली की नजर दुसरीकडे वळवायचे,
मासळी नाही तर पट्टी नाही.
लोक दुवा द्यायचे.
मग एका जानेवारीत समुद्रानं धक्क्याचं टोक नेलं
आणि पेटीत दुरुस्तीपुरतंही नव्हतं.
दोन हिवाळे ते दगड पाण्यात पडून राहिले.
दुवा देणाऱ्यांनीच दारावर शिव्या दिल्या,
त्यातला एक फिआख्राचा आजोबा.

हे चारशे बारा पानांत कुठेच नाही.
असायलाही नको.

रात्री निकाल लिहायला बसले.
गल्ला एकच, असं लिहिलं. त्यात शंका नव्हती.
अत्तराचा नफा आधी धावपट्टीच्या खर्चात वळता करा,
उरलेलं प्रवाशांवर वाटा.
आकडा आला चार युरो सत्त्याऐंशी.
खोडला.
पाच बारा केला.
पुन्हा चार सत्त्याऐंशी.
पंचवीस सेंटांत काय येतं?
एक चॉकलेटही नाही,
पण लाखो माणसांच्या पंचवीस सेंटांत
एक भिंत येते, तिचं टोक येतं.
शेवटी पाच बारा ठेवला, खाली कारणं दिली,
वडिलांचं नाव त्या कारणांत नव्हतं.

दोघंही अपील करतील.
फुगा कधीतरी खाली येईल,
हॉटेलवाले झाडून टाकतील.

शनिवारी आईला भेटायला मी बेटावर निघाले.
वजनकाट्यापाशी रांग,
पुढे नोरीन मॅकडोना, अंड्यांची करंडी घेऊन.
लहान विमान, त्यामुळे माणूसही सामानासारखा तोलतात.
मंगळवार, गुरुवार, शनिवार
ती रक्त शुद्ध करून घ्यायला इकडे येते,
आठवड्याला सहा उड्डाणं,
म्हणजे माझ्या तक्त्यात ती एकटी सहा माणसं.
नर्सेसना आज अंडी द्यायची राहूनच गेली, म्हणाली.

काट्यावरच्या पोरानं आकडा सांगितला.
सकाळपेक्षा दोन किलो कमी, ती हसली,
पाणी काढलं ना सगळं.
मग पर्स उघडून, चष्मा शोधत,
तिनं त्यालाच विचारलं,
जाताना मी हलकी असते रे,
तिकीट मात्र येतानाएवढंच का?

पोरानं माझ्याकडे पाहिलं.
त्याला माहीत नव्हतं मी कोण ते.
मी करंडी धरली,
ती काट्यावरून सावकाश उतरली.