अजून नाही

आगरवाड्याच्या मिठागरात बाबांचं घड्याळ म्हणजे
डाव्या हाताची करंगळी.
दुपारच्या वाऱ्याने पाणी जड झालं की
ती खाचरात बुडवायची, जिभेच्या डाव्या कडेला टेकवायची
(उजवीकडे विडी)
आणि म्हणायचं : आज. किंवा : परवा.
चाळीस उन्हाळे माणूस चुकला नाही.

मग कान.
लहानपणी मानशीच्या दाराशी बुड्या मारताना शिरलेलं खाडीचं पाणी
पुरतं बाहेर आलंच नव्हतं कधी.
बांबोळीला डॉक्टर फुर्तादबाईंनी
पडद्यामागची सड खरवडून काढली,
आणि नंतर कागदावर एक बारीक रेघ ओढली :
'हा तंतू. जिभेची चव घेऊन
कानातून जातो मेंदूकडे.
सोडवता आला नाही, शाणूबाब. तुटला.'
बाबा हसले.
'चवीला दुसरी वाट नव्हती काय?'

घरी परीक्षा सुरू झाल्या.
साखर : डावीकडे गप्प.
बिंबलं : उजवा डोळा मिटला, डावीकडे नुसता ओला पाला.
तिरफळ मात्र दोन्हीकडे झणझणलं
आणि बाबा पोरासारखे ओरडले, 'आली!'
मला सांगावं लागलं, ही चव नव्हे.
झिणझिणी, तिखट, यांची तार वेगळी,
दुखण्याची.
आईने डाव खाली ठेवला :
'म्हणजे इतकी वर्षं हुमणात मी दुखणं घालत होते?'

आरशात जीभ बघितली.
तारेवाचून तिथले कळे वठतात म्हणे.
डावी बाजू गुळगुळीत,
नुकत्या चोपलेल्या खाचरासारखी.

एप्रिलात त्यांनी उजव्या कडेवर हिशेब बांधला.
दोन दिवस उशीर झाला.
म्हापशाचा व्यापारी गोणी घेऊन परत : कडवट.
बाबांनी खडा तोंडात टाकला. पुढे काही नाही.
गिळताना, पार घशाशी, जिथली तार शाबूत,
कडू आलं,
उशिरा, भलत्या पत्त्यावर फिरून आलेल्या टपालासारखं.
'हे कळतं,' म्हणाले, 'हे बरं नेमकं कळतं.'
त्या दिवशी जेवले नाहीत.

आता संध्याकाळी बांधावर मला बसवतात.
करंगळी माझी.
'कसं?'
खारट, मी म्हणते.
'खारट काय! खारट तर दर्यापण.'
पुन्हा बुडवते.
माझ्या जिभेच्या कडेवर इवल्या मानशी उघडतात,
मीठ आत शिरतं, ठिणगी निघते,
कानामागे त्याच वळणावर येते
जिथे त्यांची थांबली,
पुढे जाते, डोक्यात पोचते
आणि उभी राहते दारात,
कुणी नाव विचारील म्हणून.
त्यांच्याकडे चाळीस उन्हाळ्यांची खारटं,
माझ्याकडे एकच शब्द
आणि धडधाकट तार.

टिटवी ओरडते. बाबा डावा कान तिकडे करतात,
हल्ली तो स्वच्छ ऐकतो.
'सांग गो.'

'अजून नाही,' मी म्हणते,
पाण्याबद्दल.