मीठ

तीन दिवस झाले, तू जिन्याच्या वरच्या पायरीवर बसतेस,
अर्धी गच्चीत, अर्धी घरात.
चपला काढत नाहीस.
बघतेस.

बघ की. बघणंही कामच आहे.
जुलेखाआपा पहिल्या वर्षी नुसते कावळे हाकायची,
आता तिच्या हाकेशिवाय चुलीवर आधण चढत नाही.

आम्ही पहाटे चारला उठतो, खरं आहे.
भिजल्या ज्वारीचा आंबूस वास
थेट बोरीच्या पात्रापर्यंत जातो
आणि आम्ही सगळ्या एकदम बोलतो,
एकीच्या वाक्यात दुसरीचा पाय.
अमळनेरात नव्यानं आलेल्या बाईला वाटणारच,
इथं जागा नाही.
आहे.
खाटेच्या त्या कडेला, जिथं धोतर विरलंय,
तिथं कुणी बसत नाही.

बोटं पाण्यात बुडव,
घाट्याचा गोळा ठेव, थाप.
गोल नाही आला तर नाही आला.
माझा पहिला बिबडा पाहून
सुशीलावहिनींनी विचारलं होतं, हा कोणता जिल्हा?
तोही वाळला. तोही तळला.
भाच्यानं तालुक्यांसकट खाल्ला.

आणि विचार. काहीही.
कमलबाई दरसाल विचारते, आधी तीळ की आधी लसूण,
आणि दरसाल आम्ही त्यावर भांडतो,
तेवढ्यात ऊन गच्चीवर येतं.

हे सगळं तुला सांगायचं
म्हणून मी मनात जुळवत होते.
घाटा उतरला होता.
वाट्या भरल्या, वर कच्च्या तेलाची धार,
एक तुलाही दिली, पायरीवरच.

तू बोट चाटलंस. थांबलीस.
मग इतकं हळू
की आधी कठड्यावरच्या पारव्यानं ऐकलं असेल,
"मीठ कमी आहे."

गच्ची गप्प.
सुशीलावहिनींच्या मिठाबद्दल
अठ्ठावीस उन्हाळ्यांत कुणी ब्र काढला नव्हता.
त्यांनी वाटीत बोट घातलं,
जिभेवर ठेवलं,
बराच वेळ आभाळाकडे पाहिलं.

"आठे ये वं," म्हणाल्या,
आणि बरणी तुझ्याकडे सरकवली.

आता ऊन खाटेच्या पायाशी आलंय.
तुझ्या चपला पायरीवरच आहेत, एक उलटी.
कोपरापर्यंत घाटा लागलाय तुला,
आणि कमलबाई मघापासून मला खुणावतेय,
नाव विचार, नाव विचार तिचं.