वरचं खाली

त्या ऑगस्टात राजाराम बंधाऱ्याची पातळी
रेडिओवर तासातासाला चढत होती
आणि आम्ही घर चढवत होतो.
धान्याचे डबे माळ्यावर,
गाद्या लोखंडी कपाटावर,
कपाट चार कोपऱ्यांत चार-चार विटांवर,
टीव्ही वरच्या मजल्यावर वडणग्यांच्या पलंगाखाली.
त्रेचाळीस फूट म्हणाले, मग म्हणालेच नाहीत,
वीज गेली होती.

पाणी दाराच्या कडीला लागलं,
पाच दिवस राहिलं,
जाताना भिंतीवर सही करून गेलं.

घर धुतलं. पंचनामा झाला.
पण वर गेलेलं सगळं काही खाली आलं नाही.
"पुढच्या साली परत चढवायचंच हाय की," हे म्हणाले.
त्याला किती सालं झाली
हे धुळीत बोट घालून सांगता येईल.

आज जून लागायच्या आत
मी पदर खोचून स्टुलावर उभी.
डब्यात डबा, त्यात डबा,
त्यात झाकणं, ह्यातल्या एकाचीही नसलेली.
आहेराचा तांब्या निघाला:
'दत्ताजीराव भोपळे यांजकडून'.
बांधाच्या खटल्यापासून त्यांच्याशी बोलणं नाही,
तांब्याचं मात्र मन मोठं,
नाव अजून ठळक आहे.
पिशव्यांनी भरलेली पिशवी.
उद्यमनगरातला ह्यांनी केलेला पॅटर्न,
सागवानी, अर्ध्या परातीएवढा,
कारखाना बंद झाला त्या दिवशी सायकलला बांधून आणलेला.

दस्तगीर गाडा घेऊन दारात.
"लाकूड घेत न्हाई काकी. ह्याच्यातनं निघालेलं लोखंड असतं तर बघा."
"साडेचारशे पंप निघालेत ह्याच्यातनं," हे आतून.
"मग त्येच आणा की मामा."
पॅटर्न परत आत गेला.
मी काढते, हे उचलतात,
मी दारात ठेवते, हे मागच्या दारानं आत आणतात.
दुपारपर्यंत आम्ही दोघांनी मिळून
घर जागच्या जागी फिरवलं नुसतं.

मग रद्दीच्या गठ्ठ्यातून एक कागद घसरला.
जुनं वर्तमानपत्र, त्यावर पेन्सिलीची रेघ,
पायाच्या कडेकडेनं ओढलेली.
माझाच पाय. एकवीस वर्षांचा.
लग्नाआधी बाबांनी मला अंगणात कागदावर उभं केलं होतं,
"हलू नको," म्हणाले होते,
आणि अंगठ्यापाशी मला गुदगुल्या झाल्या म्हणून
तिथं रेघ जरा वाकडी आहे.
तो कागद घेऊन ते चप्पल लाईनीत गेले होते.
चपला कधीच झिजल्या.

दार लोटलं आणि मी त्यावर पाऊल ठेवलं.
रेघ सगळीकडून बुडाली.
टाच बाहेर, करंगळी बाहेर,
पंचगंगा पात्राबाहेर म्हणतात
तशी मी.
पन्नास-बावन पावसाळे,
दोन बाळंतपणं, शाळेच्या ऑफिसातलं उभ्यानं केलेलं काम,
सगळं खाली उतरून पायात पसरलेलं.
हसू आलं. थोडं दुसरंही काही आलं.
कागद दस्तगीरच्या तराजूत टाकला.
काटा हललासुद्धा नाही.

"ठेवायचास की गं," हे म्हणाले.
आज पहिल्यांदाच मला वाटलं,
ठेवायला हवा होता.
पण गाडा मुसळे गिरणीपर्यंत गेला होता.

त्यानंतर मात्र ह्यांना काय झालं कोण जाणे.
वडणग्यांच्या पोराला हाक मारली,
कपाटाला खांदा लावला,
एकेक कोपरा उचलून विटा काढल्या.
कपाट फरशीवर टेकलं तेव्हा
आतल्या हँगरांनी आवाज केला.

इतकी वर्षं त्याच्या आरशात मी कमरेपर्यंतच होते.
निऱ्या अंदाजानं घालत होते.
आता साडीचा काठ दिसतोय, जोडवी दिसतायत,
धुळीनं भरलेले दोन रुंद पाय
फरशीवर.

विटा ह्यांनी मोरीत धुतल्या,
पुसल्या,
मागच्या दाराशी रचल्या. मोजून सोळा.
एकही टाकू दिली नाही.
मीही टाका म्हटलं नाही.