चोज

ब्लेअरगाउरीच्या जुन्या चर्चमागच्या खोलीत
मंगळवारी सहाला हीटर लागतो
आणि साडेसहाला इंग्रजी.

एली फळ्यावर लिहिते: चूझ, पिक, सिलेक्ट, इलेक्ट.
मार्कर सुकत आलेला, इलेक्ट जेमतेम दिसतो.
तसं कुणाचं अडत नाही;
अकरा जणांत मत दोघांनाच आहे.

माझं काम पेन्सिली वाटायचं, कप विसळायचं.
मी मागे बसते.

हलिना हात वर करते. बोटांची टोकं अजून लाल,
दिवसभर प्लास्टिकच्या बोगद्यात रासबेरी.
पिक मला येतं, म्हणते,
पिक म्हणजे निवडणं नाही.
निवडत बसलं तर ट्रे भरत नाही
आणि स्तोयान घड्याळाकडे बघतो.
पिकलेली असली तर बोट लागताच सुटून येते,
पांढरा दांडा झाडावरच ठेवून.
कच्ची असली की हट्ट धरते.
ठरवते ती. मी नुसता हात नेते.

एली थांबते. पुस्तकात हे नाही.
पुस्तकात पिक सहज, हाताने,
चूझ विचार करून,
सिलेक्ट पुष्कळांतून पारखून,
आणि शेजारी चित्रात टायांचं दुकान.

तेकले लिहून दाखवतो: मी हे गाव चूझ.
एली त्यातला एक ओ खोडते.
होऊन गेलं ना? मग चोज.
एक ओ गेला की भूतकाळ, इतकं सोपं.
मी मागे एकटीच हसते.
आमच्याकडे चोज म्हणजे कौतुक,
लेकराचे पुरवतात ते.

तेकले मात्र सगळं वाक्यच खोडतो.
मी नाही, म्हणतो. ऑफिस.
ग्लासगोत कुणी बाई, तिच्यासमोर गावांची यादी,
आणि एक टिचकी.
टिचकी म्हणजे सिलेक्ट, रेबवार मागून ओरडतो.
वर्ग हसतो.
तेकलेही, जरा उशिरा.

आणि प्रिफर? कुणीतरी विचारतं.
माझ्या ओठांवर येतं, दगडापेक्षा वीट मऊ,
पण ते इंग्रजीत कसं न्यायचं, कुणासाठी,
म्हणून गिळते.
आमचं निवडणं मुळात तांदळाचं.
खडे बाजूला, दाणे ताटात.
खड्याला कुणी विचारत नाही,
दाण्यालाही नाही, हे आजवर
ध्यानात आलं नव्हतं.

सव्वासातला चहा.
झुफान रांगेत पहिली. वय साठीचं,
चार महिन्यांत वर्गात एक शब्द नाही.
ती राहते त्या हॉटेलात ताट येतं ते येतं,
सोमवारी पास्ता, मंगळवारी तोच.

चहा की कॉफी, मी विचारते.
ती किटलीकडे बघते. बरणीकडे.
दुधाच्या बाटलीवरचं लेबल वाचते, ओठ हलवत.
मागे नऊ जण, कप घेऊन.
साखर हातात घेऊन परत ठेवते.
एकच उचल गं, पिक वन, एली हळूच म्हणते,
आठची बस चुकली तर पुढची साडेनऊला.

झुफान तळहात वर करते,
वाहतूक थांबवावी तसा.
आय, म्हणते.
मग बराच वेळ काही नाही.
ॲम.
चूझिंग.

चालू काळ खरं तर पुढच्या मंगळवारी होता.
पाणी निवलं.
मी किटली पुन्हा लावते.