खालची ओळ

पहिल्यांदा आमटी सांडली शर्टावर.
मग गणपत गल्लीत पायरी चुकली.
मग लोक म्हणू लागले, भरमाण्णा हल्ली
मान वर करून चालतोय, ओळख देत नाही,
दोन बोर्ड जास्त मिळाले काय याला.

चाळीस वर्षं बाबांनी रंगवलं हे गाव:
किराणा, टायर, कुंदा, सायकल दुरुस्ती,
बँड पथक, दाताचा दवाखाना.
वरची ओळ कन्नड, ठळक, नियमाप्रमाणं.
खालची मराठी, जागा उरेल तेवढ्यात.
पैसे दोन्हींचे सारखे.
रंग काय भाषा बघून कमी लागतोय, म्हणायचे.

हिरेमठ डॉक्टरीणबाईंनी समोर पेन धरलं.
मेले नोड्रि.
बुबुळं वर गेली.
केळगे नोड्रि.
तिथंच.
मग मोडक्या मराठीत, खाली बघा आजोबा.
बघूलालोय की, बाबा म्हणाले,
आणि खरंच बघत होते; अख्खं कपाळ
आठ्या घालून जोर लावत होतं,
डोळे मात्र खिळा मारल्यासारखे एका रेषेवर.
दोन्ही भाषांतला हुकूम
वाटेतच कुठंतरी पडून राहिला.

बाई उठल्या.
दोन्ही तळव्यांत त्यांचं डोकं धरलं,
माझ्या नाकाकडं बघा म्हणाल्या,
आणि हनुवटी हळूच वर उचलली.
गेले.
डोळे खाली गेले, विहिरीत पोहरा सोडावा तसे,
कुणी सांगितलं नसताना.

दोऱ्या शाबूत आहेत, एकेका डोळ्याला सहा.
तोल राखणारा कान आणि डोळा
यांचं आतल्या आत जुनं बोलणं आहे,
त्याला मालकाची सही लागत नाही.
बिघडलंय ते वरून आलेलं फर्मान
उतरवून घेणारं ठिकाण,
मेंदूच्या देठात, मोहरीएवढं.
हे परत येत नाही, असंही म्हणाल्या,
पण ते कन्नडमध्ये, माझ्याकडं न बघता.

रात्री मी आरशापुढं उभी राहिले.
डाव्या डोळ्याकडं बघितलं, मग उजव्या.
पुन्हा डाव्या.
नजर इकडून तिकडं पोचते,
जाताना मात्र दिसत नाही.
उडीच्या तेवढ्या वेळात मेंदू शटर ओढून घेतो
आणि उघडल्यावर भासवतो,
दुकान बंद नव्हतंच.
सेकंदाला तीन वेळा. जन्मभर.
एवढा अंधार जवळ बाळगून
मी म्हणत आले, सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं.
ताटाभोवतीची शितं
सहा महिने माझ्याच डोळ्यांदेखत पडत होती.

फेब्रुवारीत वडगावातून एक पाटी आली,
साडीच्या दुकानाची.
हात अजून पक्का; वरची ओळ दुपारपर्यंत झाली,
कन्नडची गोल गोल वळणं, एकही थेंब ओघळ नाही.
खालच्या ओळीशी ब्रश थांबला.
मानही आताशा वाकत नाही.
ते भिंतीकडं बघत बसले, मी स्टुलावर.
मग मी उठून पाटीच उलटी केली.

उलटं लिवू काय गे?
हसले. आणि लिहायला लागले,
उजवीकडून डावीकडं.
शिरोरेषा आधी, तळाला, जमिनीसारखी,
तिच्यावर एकेक अक्षर पाय वर करून उभं:
पद्मा वस्त्र भांडार.
चाळीस वर्षांत कुठल्या अक्षराची पाठ कशी दिसते
हे त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

झालं काय गे?
समोरच्या खिडकीला विचारावं तसं विचारलं.

भांडारवरचा अनुस्वार राहिला होता.
उलट्या पाटीवर तो सगळ्यांत खाली येतो,
रेषेच्याही खाली.

झालं, म्हटलं,
आणि करंगळी लाल डब्यात बुडवली.
गोल काही नीट आला नाही.