अक्षर ओळखणारी

वेलिंग्टनला वारा सुटलाय, खिडक्या
चौकटीत बसून दात खातायत.
आम्ही एकतीस. हिवाळ्याआधी सत्तावन्न होतो.
बंदराकडची मोठी खोली आता त्यांची,
आमच्या भिंतीवर तसबिरींच्या जागी
नुसते खिळे.

मतपेटी म्हणून बिस्किटांचा डबा.
झाकणावर मेंढ्या, तळाशी थोडा चुरा.
नेता ठरलेला. प्रतोद बिनविरोध:
चाबूक धरायला दुसरं कुणी पुढे येईना.
चुरस उपनेत्याची.
प्रुडन्स हॅलोरन की टाविटा लेआउपेपे?
आठवडाभर दोघंही ताकाला आले,
भांडं कुणी लपवलं नाही.

मोजायला मला बसवलं,
मी कुठल्याच गटात नाही म्हणून.
खरं तर मला कुणी घेतलं नव्हतं.

एक मात्र ते विसरले.
गोरच्या शाळेत एकोणीस वर्षं
मी वह्या तपासल्यात.
नाव न घातलेली वहीसुद्धा
ज्याची त्याच्या हातात द्यायचे.

पहिली चिठ्ठी: प्रुडन्स. तिरकं, घाईचं. डंकन.
मग टाविटा, टाविटा,
शाई कागदापार गेलेली, म्हणजे म्हातारे बार्नबी.
चार उभ्या रेघा, पाचवी आडवी.
पंधरा. पंधरा.
डब्यात एक उरली.

पोट सुटलेला पी, शेपूट आत दुमडलेलं,
हे गोल, ठेंगणं अक्षर
वाढदिवसाच्या प्रत्येक कार्डावर असतं.
मेले.
सकाळी टाविटाच्या कॉलरवरचा धागा
जिने चिमटीत धरून काढला,
ती मेले फोनोटी.

मी उठले. आकडे वाचले.
आवाज शाळेतलाच निघाला, सपाट.
टाळ्या. प्रुडन्सने खुर्चीची पाठ
क्षणभर घट्ट धरली.
सगळ्यात आधी रडली मेले,
टाविटाच्या खांद्यावर डोकं टेकून,
आणि तो तिची पाठ थोपटत राहिला,
असू दे, असू दे.

खोटं होतं का ते रडणं?
मला नाही तसं वाटलं.

नियमाप्रमाणे चिठ्ठ्या यंत्रात घातल्या.
मूठ मूठ. चुऱ्यासकट.
त्यात एक होती
सुट्या, मोठ्या, वाकड्या अक्षरांची,
पहिलीतल्या पोरानं काढावीत तशी.
ती कुणाची, हे शोधायला
मला वह्या आठवाव्या लागल्या नाहीत.
डाव्या हाताने लिहिताना
घरी दोनदा सराव केला होता.